वरच्या घराचं पाणी

राजारामपुरीत एकटीच राहणाऱ्या सबिनाच्या बाथरूमचं छत वर्षभर गळत होतं. वरचं घर कुलूपबंद, आणि घरमालक महालिंगअण्णा नुसतं "बघू की" म्हणून टाळायचे. शेवटी वकिलांच्या सल्ल्यानं तिनं त्यांना लेखी नोटीस दिली, पंधरा दिवस वाट पाहिली आणि स्वतःच प्लंबर आणून वर जाणारी पाण्याची लाईन बंद करून घेतली. गळती थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा धापा टाकत दारात आले.

"वरचं पाणी कुणी तोडलं?"

"मीच. कायद्यानं केलंय, अण्णा. किती दिवस सांगत हुते तुम्हाला!"

अण्णा मटकन खुर्चीत बसले. "माझा भाऊ अंघोळ करतोय की गं वर. रोज ह्याच टायमाला."

"वर तर कुणीच राहत न्हाय."

"दहा वर्षं झाली त्याला जाऊन. पाणी मिळतंय तवर वरच राहतोय. म्हणून तर दुरुस्ती टाळत हुतो, पोरी."

सबिनाला हसू आवरेना. तेवढ्यात तिच्या बाथरूमची कडी आतून लागली आणि बादलीत पाणी पडू लागलं.