चार अंडी, चार महिने

भुजंगनं काठी उगारली टिटवीवर, आणि ती बसली व्यंकटरावांच्या कानशिलावर. निदान नंतर तो तसंच सांगणार होता. व्यंकटराव सुलाबाईच्या गच्चीवरल्या हरळीत गुडघ्यांवर आले. पांढऱ्या सदऱ्यात रक्ताचा ओघळ उतरला.

"हलू नका, पायाखाली अंडी हायत," सुलाबाई म्हणाली. ऐकतो कोण!

मानवत गावातल्या त्या गल्लीत बाकीच्या गच्च्या तव्यासारख्या तापलेल्या. सुलाबाईनं आणि तिच्या मास्तरीण सुनेनं, सुकेशनीनं, घर थंड राहावं म्हणून स्लॅबवर वीतभर माती टाकून हरळी आणि रानतुळस लावली होती. घर थंड झालंच; वर नाकतोडे आले, त्यांच्यामागं सरडे आले, चिमण्या आल्या. यंदा टिटवीनं गवतातल्या खड्यांवर चार अंडी घातली. कोरड्या स्लॅबवर पिल्लं निघाली तरी उपाशी मरतात, इथं किडे आहेत, जगतील, असं सुकेशनीनं सांगितलं होतं. आज सकाळी अंड्यांतून टकटक ऐकू आली, तेव्हापासून सुलाबाई स्वतःच्या घरात चोरपावलांनी वावरत होती.

पण टिटवीची चार अंडी म्हणजे पावसाचे चार महिने, जूनपासून ओळीनं. ज्या अंड्याचं टोक खाली, तो महिना धो धो. जे आडवं, तो कोरडा. ही बातमी पार झरी गावापर्यंत गेली. एवढी वर्षं ज्यांनी 'आत्ताच घेतला' म्हणून या बौद्धाच्या घरचा चहा चुकवला, ते आज न बोलावता, चपलांसकट थेट वर आले.

दुसऱ्या अंड्यावरून पेटलं. झरीचे व्यंकटराव कापूस लावायच्या बेतात, त्यांना ते उभं दिसलं. शेजारचा भुजंग रोज कठड्यावरून बघणारा, त्याला ते आडवं दिसलं. ऑटो चालवणाऱ्यानं पावसाचं बोलू नये, असं व्यंकटराव म्हणाले. मग टिटवी झेपावली, मग काठी.

आता व्यंकटरावांनी भुजंगची पोटरी धरली आणि दात रोवले. भुजंग कोसळला. दोघं मातीत लोळू लागले; रानतुळस मुळासकट उपटली गेली. टिटव्यांची जोडी किंचाळत दोघांच्या डोक्यांवर तुटून पडत होती. सुलाबाईनं पाण्याची झारी भुजंगच्या पाठीत घातली, एकदा, दोनदा. कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं. तिनं रक्त थुंकलं आणि तिसऱ्यांदा घातली.

मग कुणाच्या तरी टाचेखाली बारीकसा आवाज झाला.

दोघं थांबले. जिन्यात दाटीनं उभी असलेली माणसं माना उंचावून बघू लागली. सुलाबाई खाली बसली, तिनं खड्यांमधून काहीतरी अलगद उचललं.

व्यंकटराव उपरण्यानं कान दाबून जवळ सरकले. "कोणता गेला, सुलाबाई?"

तिनं मूठ त्यांच्या तोंडापुढं उघडली. ओलं पिल्लू होतं. एक पाय होता, दुसरा नव्हता. चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली नाही.

व्यंकटरावांनी पिल्लाकडं पाहिलं. मग खाली वाकून उरलेली तीन अंडी आणि मधली मोकळी जागा नीट न्याहाळली.

"जुलै," ते म्हणाले. जिन्यातल्या माणसांनी ते खाली कळवलं.