रकाना रिकामा नको
रक्त तपासायच्या पट्ट्या संपल्याचं नर्सबाईंनी दोनदा सांगितलं, तेव्हा आरोग्य केंद्राचे साहेब चिडले, "पट्ट्या येतील तेव्हा येतील, रकाना रिकामा नको." मग काय, आली गरोदर बाई की न तपासताच कार्डावर हिमोग्लोबिन अकरा, म्हणजे ठीकठाक! "सिस्टर, जिना चढताना धाप लागते हो," एक पांढरीफटक पोरगी म्हणाली. "दोन जिवांची आहेस, लागणारच," म्हणत बाईंनी अकरा लिहिलं. आज बाळंतपणात तिचं रक्त थांबेना. "कार्डावर अकरा बघून मी रक्ताची बाटली मागवून ठेवली नाही," डॉक्टरीणबाई ओरडल्या, "ही एवढ्यातच कशी कोसळली?" बाटली येईपर्यंत पोरगी गेली. बाहेर तिची आई नातीला छातीशी धरून नर्सबाईंनाच म्हणाली, "बाई, तुम्ही काही कमी नाही केलंत." मृत्यूच्या फॉर्मवर पुन्हा तोच रकाना आला. बाईंचं पेन थबकलं. साहेबांनी रकान्यावर बोट ठेवलं. बाईंनी अकरा लिहिलं.