अठ्ठेचाळीस कॅरेटची गोळी

"ही सगळ्यांत हलकी. म्हणजे धक्काही हिचाच कमी, बरोबर?" नंदाने एक काडतूस उचलून विचारले. नेमबाजांच्या क्लबातल्या टेबलावर तीन खोकी उघडी होती. शेजारी तिचे मुठीत मावेल एवढे रिव्हॉल्व्हर.

"वजन हे अर्धंच उत्तर झालं, ताई," यशपाल म्हणाला. "ती हलकी आहे, पण वेगवान. ही चपट्या तोंडाची बघ. जड, पण संथ. हिशेबाने धक्का हिचा कमी."

"जड म्हणजे किती? कॅरेटमध्ये सांग."

त्याने मनातल्या मनात गुणाकार केला. "अठ्ठेचाळीस."

"एवढा माणिक अजून माझ्या चिमट्यात आलेला नाही."

ती जर्मनीतल्या ईडार-ओबरश्टाइन या रत्नांच्या गावी एका व्यापाऱ्याकडे रत्नपारखी होती. तो तिचा धाकटा भाऊ, डार्मश्टाटला भौतिकशास्त्रज्ञ आणि या क्लबाचा सभासद. गेल्या हिवाळ्यात पार्किंगमध्ये दोन चोरांनी तिची बॅग हिसकावली आणि उजवे मनगट मोडले. शस्त्र बाळगण्याचा परवाना या देशात क्वचितच कोणाला मिळतो. तिला मिळाला होता. सोमवारी रत्ने घेऊन पुन्हा एकटीने निघायचे होते, नाहीतर ते काम दुसऱ्याकडे जाणार होते. पण तिची एकही गोळी अद्याप वर्तुळात लागली नव्हती. सगळ्या खाली जात.

"आईचा काल फोन होता," ती म्हणाली. "रोज पंचशील म्हणतेस आणि हे काय विकत घेतेस, म्हणे."

"मग?"

"म्हटलं, यशाला विचार. हिशेब त्याने मांडलाय."

तिच्याकडे पाठ करून यशपालने तिन्ही खोक्यांतली काडतुसे मिसळून भरली. कोणते कुठे आहे हे तिला कळू नये, एवढी दक्षता घेतली. प्रत्येक धक्क्याला तिने दहापैकी गुण द्यायचे होते.

तिने दिले. गुणांचा आणि त्याच्या हिशेबाचा काहीही संबंध जुळला नाही. संथ गोळीला तिने नऊ दिले. सर्वांत जोरकस गोळीला चार.

शेवटच्या वेळी चाप ओढला तेव्हा केवळ 'टक्' असा आवाज झाला. तरीही नळी झटक्याने खाली गेली.

तिने कानांवरचे कवच सरकवले. "गोळी सुटलीच नाही."

"नाही. ते सरावाचं काडतूस होतं. लाल प्लास्टिकचं, आत दारू नाही."

"मग हात का हलला?"

"धक्का यायच्या आधीच तो त्याला विरोध करतो. दर वेळी. म्हणून नेम खाली जातो."

"गेनाऊ," मागे उभे असलेले देखरेखीचे वृद्ध वेन्त्सेल झुकलेल्या नळीकडे बोट दाखवत जर्मनमध्ये म्हणाले; म्हणजे 'अगदी बरोबर'. ते हसले नाहीत.

"म्हणजे तुझी ती तीन खोकी..."

"गृहीतक चुकलं," यशपाल म्हणाला. "मी काडतूस मोजत होतो."

नंदा स्वतःच्या मनगटाकडे काही वेळ पाहत राहिली. एखाद्या खड्यातला डाग शोधताना पाहावे तशी. मग म्हणाली, "पुन्हा भर. खरी किती, खोटी किती, सांगू नकोस."

पहिल्या फेरीत हात तसाच झुकला. दुसरीत कमी. पुढे मात्र तो झुकण्याऐवजी वाट पाहू लागला. टक्. बार. टक्. टक्. बार. येईल की नाही हे ठाऊक नसलेल्या धक्क्याला विरोध करणे त्या हाताला जमेना. लक्ष्याचा कागद जवळ आणला तेव्हा वर्तुळात छिद्रे होती. यशपालने ती दोनदा मोजली.

"सोमवारी निघते," ती म्हणाली.

तिने चपट्या तोंडाच्या गोळ्यांचे खोके स्वतःपुढे ओढले. मग सरावाच्या डबीतून एक लाल काडतूस उचलले.

"ताई, ते इथल्यापुरतं आहे."

"चक्रीच्या पहिल्या घरात हेच राहील."

"समोर कोणी उभा असताना पहिला बार रिकामा? दुसऱ्यांदा चाप ओढायला अर्धा सेकंद तरी लागेल."

"माहीत आहे."

"त्या अर्ध्या सेकंदात काय होईल?"

"तुला सांगता येतं?"

उत्तरासाठी लागणारी एकही संख्या यशपालजवळ नव्हती.

"आईला मी काय सांगू?" अखेर त्याने विचारले.

"सांग, पहिलं घर रिकामं आहे."

तिने पर्समधून रत्ने बांधायचा पांढरा कागद काढला, नेहमीच्या घड्या घातल्या आणि सोमवारपर्यंत लाल काडतूस त्या पुडीत ठेवले. पुडीवर वजन लिहिण्यासाठी सवयीने पेन्सिल टेकवली. मग ती जागा तिने कोरी सोडली.