शेजारची खोली

आमच्या नव्या गेम कन्सोलची चाचणी होती. एका खोलीत आमचा, शेजारच्या खोलीत प्रतिस्पर्धी कंपनीचा, ताकदीने निम्मा. आम्ही काचेआडून बघत होतो. आमच्या खोलीतले लोक पडद्याकडे बघून थक्क झाले होते. "पाणी बघा, अगदी खरं वाटतंय!" हे ऐकून आमच्या मुख्य इंजिनिअरांची कॉलर ताठ झाली. शेजारी मात्र नुसता आरडाओरडा, ढकलाढकली, हसून हसून पुरेवाट.

बाहेर चहा आला. आमची खोली क्षणात रिकामी झाली. शेजारचं कोणी जागचं हलेना.

"चहा निवतोय, त्यांना घेऊन येतो," म्हणत इंजिनिअर आत गेले. बराच वेळ झाला तरी परत येईनात, म्हणून मीच दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले.

आमच्या कन्सोलवर कधी गंमत म्हणूनही न खेळलेले इंजिनिअर जमिनीवर मांडी घालून, रिमोट छातीशी धरून म्हणाले, "मॅडम, एवढा एकच डाव होऊ द्या ना!"