कोवळी ज्वारी

नत्थुजींनी गवताच्या भाऱ्यात हात घातला आणि एकेक मूठ काढून चाचपू लागले. मारवेल गवत उजवीकडे, कुंदा गवत डावीकडे. कुसळ बोटांना लागलं की मागे फेकलं. डोळे जाऊन आठ वर्षं झाली होती, पण आपल्या हातून गेल्याखेरीज एक काडी ते बकऱ्यांपुढे पडू देत नसत. सरकारी रमण्यात, म्हणजे राखीव कुरणात, गाईबैलांना मोकळीक होती, बकऱ्यांना बंदी. म्हणून चौदा बकऱ्या दावणीला, आणि त्यांच्यासाठी शेताचे बांध, धुरे धुंडाळायला शकुन. नवरा पटकीनं गेल्यापासून ही लेक माहेरीच होती.

ओट्यावर नत्थुजींची बहीण पार्बताबाई सुपारी कातरत बसली होती. सकाळपासून तिसऱ्यांदा तेच बोलत होती.

"बाळापूरचे जानराव पाट लावाले तयार हायेत, दादा. भला माणूस हाये. आज उत्तर पाहिजे त्यायले."

"त्यायले बायको पाहिजे, मले डोळे." नत्थुजी हसले. "डोळे काढून देऊ का बाई?"

"लेक हाये थे तुयी, काठी नाई."

"मंग तिलेच इचार. काहून व शकुन, जातं का?"

अंगणात विळ्याला धार लावणाऱ्या शकुनचा हात थांबला. उत्तर पाठ होतं. गेले चार दिवस धुऱ्यावर गवत कापताना ती ते एकटीच म्हणून पाहत होती.

तेवढ्यात नत्थुजींची बोटं भाऱ्यात अडली. एक पान त्यांनी मधोमध दुमडलं, नाकाशी धरलं.

"ज्वारी? अन् कोवळी?"

विरळणीत उपटलेली रोपं. कापलेल्या गवताबरोबर तिनं तीही बांधून आणली होती. केव्हा, ते तिलाही आठवेना.

"पावसानं पंधरा दिस ताण देल्ला. असली ज्वारी खाऊन बकरी जागीच आडवी होते, हे तुले मी सांगू? चौदाच्या चौदा गेल्या असत्या. लक्ष कुठी हाये तुयं?" त्यांचा आवाज उतरला. "तूच अशी करशीन, तं म्या कोणाच्या भरोशावर राहाव?"

"चुकलं, बाबा," शकुन म्हणाली.

पार्बताबाईनं अडकित्ता मिटला. "नाई म्हणून सांगतो मंग त्यायले," म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी खाटेवरून उठले नाहीत.

दहाव्याला गल्लीतल्या बायका ओट्यावर जमल्या. जानरावांचं लग्न दर्यापूरकडे ठरलं, हे पार्बताबाईनं आल्या आल्याच शकुनला हळू आवाजात सांगून टाकलं होतं.

"पोरगा करणार नाई अशी सेवा केली व माय तुनं," शेजारची दुर्गाबाई म्हणाली. "बापापायी सोन्यासारखा पाट नाकारला. आता ह्या बकऱ्या सांभाळ. जीव होता त्यायचा यायच्यात."

बायकांनी माना डोलावल्या. कोणीतरी पदर डोळ्यांना लावला.

"म्या नाई नाकारला," शकुन म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या.

"मले जायचं होतं, आत्या. त्या सकाळी बाबाले हलवून पाह्यलं, अंग थंड लागलं, अन् रडू येयाच्या आधी मले वाटलं, आता जाता येईन."