टाकीतला समुद्र

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या शुक्रवार पेठेत जोतीरामच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले मासे धडधाकट होते आणि प्रवाळे एकामागून एक मरत होती. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या जोतीरामने क्षार, तापमान, प्रकाश सारे तपासले, दोष सापडेना. मालवणहून आणलेले शेवटचे प्रवाळही पांढरे पडले, तेव्हा प्रवाळांवर विसंबलेला त्याचा प्रबंधही बुडाला. टाकी उपसताना तळाच्या वाळूतून हिरवट पडलेली नाणी निघाली. “आई, ही कुणी टाकली?” “मीच की,” सारजाबाई म्हणाल्या. “समिंदर घरला आला, त्याला पैसा सोडाया नगं व्हय? तुझं पोवळं सुकाया लागलं की आनखी एक सोडायची. हल्लीचा अल्युमिनचा पैसा देवाला कसा द्यावा? जुना तांब्याचाच दिला.” त्यांनी हळूच विचारले, “कमी पडले का रं?” नाण्यांतून पाण्यात विरघळलेले तांबे माशांना सोसले होते. प्रवाळांना सोसले नव्हते.