बेलभंडारा

ताट विमलाताईंनी स्वतःच्या हातात धरलं होतं. ताटात भंडारा, त्यावर बेलाची पानं. जागा त्यांची, म्हणून ताट धरायचा मानही त्यांचाच, असं पेठ सुधारणा मंडळानं ठरवलं होतं. विमलाताईंनाही तेच हवं होतं.

मंडळ आज उभं राहत होतं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे तालमीचे गडी, धान्याचे व्यापारी आणि शाळेतले मास्तर पहिल्यांदाच एका मांडवाखाली आले होते. पेठेत बाळंतपणाचा दवाखाना बांधायचा, मग नळ आणायचे, मग वाचनालय. सगळ्यांनी आधी बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची आणि मग पहिली कुदळ मारायची. बेलभंडारा उचलून खोटं बोललं तर ते पोटच्या पोराबाळांना भोवतं, हे पेठेत सगळ्यांना पाठ होतं.

जागा जळक्या छापखान्याची. अठ्ठेचाळीसच्या, गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत विमलाताईंच्या यजमानांचा छापखाना गेला आणि त्या धक्क्यानं पावसाळ्याच्या आत यजमानही गेले. आग कुणी लावली ते विमलाताईंनी समोरच्या माडीवरून बघितलं होतं. पोलिसात त्या गेल्या नाहीत. साक्ष द्यायला कोण येणार होतं? दात आवळून मुलींच्या शाळेत शिकवत राहिल्या. मंडळी जागा मागायला आली तेव्हा त्यांनी एका शब्दात देऊन टाकली. सगळ्यांनी त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. कसलं मोठं मन!

मंडळाचे अध्यक्ष रंगराव वस्ताद पुढं झाले. तालीम त्यांची, आणि पेठेत शब्दही त्यांचाच चालायचा. डोक्याला नवा फेटा, कपाळाला गुलाल. बायकांच्या घोळक्यात त्यांची लेक शेवंता उभी होती. पहिलटकरीण, माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. विमलाताईंनी तिच्याकडं एकदा नीट बघून घेतलं.

"सांगा ताई, काय म्हनायचं?" वस्तादांनी ताटात हात घातला.

"पेठेचं वाईट करणार नाही, असं म्हणा."

"पेठंचं वाईट करनार न्हाय."

"आणि या जागेला मी आग लावली नाही, असंही म्हणा."

मंडळाचे चिटणीस श्रीपालशेठ घाईघाईनं पुढं आले. "ताई, चांगल्या कामात हे कशाला? झालं गेलं..."

"ते माझं झालं आणि माझंच गेलं, श्रीपालशेठ. तुमचं गोदाम शाबूत आहे."

श्रीपालशेठ मागं सरकले.

वस्ताद कुस्तीत मुरलेला गडी. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी बेलभंडारा मुठीत घेतला, कपाळाला लावला आणि घसा साफ केला. हा माणूस खोटं बोलणार, हे विमलाताईंना दिसलं. बोलू दे, त्या मनात म्हणाल्या. बोल, आणि भोग.

"ह्या जागंला म्या आग..."

"आबा, हात खाली घ्या!"

शेवंता बायकांतून वाट काढत पुढं आली होती. एक हात पोटावर, दुसऱ्यानं मांडवाचा बांबू धरलेला.

"शेवंता, तू घरला जा," वस्ताद म्हणाले.

"न्हाय जायची. त्या दिशी तुमचं धोतर म्याच धुतलंय, आबा. कितीबी आपटलं तरी घासलेटाचा वास गेला न्हाय. म्या कुनाला बोलले न्हाय. पर आता माझं पोर तुमच्याच घरात जलमायचं हाय. त्येच्यावर नगा आनू."

वस्तादांची मूठ उघडली. पिवळी हळद धोतरावर सांडली. ज्या माणसाला कुणी चीत केलं नव्हतं, तो पोरीपुढं मान खाली घालून उभा राहिला.

"व्हय," ते म्हणाले. "म्याच लावली."

विमलाताईंना ते गोड लागलं. खोटं कशाला बोला, फार गोड लागलं. तीन वर्षं त्यांनी याच दोन शब्दांसाठी काढली होती.

वस्तादांनी फेटा उतरवला आणि ते तो विमलाताईंच्या पायाशी ठेवायला वाकले. विमलाताईंनी पाय मागं घेतला.

"तो डोक्यावर घाला. मला नको."

"मग काय पायजे सांगा, ताई. पेठ सोडून जातो."

"इतक्या स्वस्तात? कुठं जायचं नाही. दवाखाना तुम्हीच बांधायचा. रोज इथं यायचं. घ्या कुदळ."

वस्तादांनी कुदळ घेतली. पहिल्या घावाला माती उडाली. पुढच्या घावाला काहीतरी खणकन वाजलं. वस्तादांनी वाकून ते हातानं मोकळं केलं. मूठभर काळा गोळा होता. छापखान्याचे शिशाचे खिळे, अक्षरं छापायचे ठसे, आगीत वितळून एकमेकांत मिसळले होते. एका अंगाला मात्र दोनचार अक्षरं अजून उठून दिसत होती.

विमलाताईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि परत त्यांच्याच तळहातावर ठेवला.

"घरी न्या. नातवंडाच्या पाळण्याला बांधा. बोलायला लागलं की विचारील, आबा, हे काय आहे. तेव्हा सांगा."

"ताई, त्या लेकराचा काय गुन्हा?"

"माझ्या घरातल्या माणसाचा काय होता?"

वस्ताद तो गोळा धरून उभे राहिले. त्यांना तो ठेवता येईना, टाकता येईना. कुदळ तिथंच पडली होती. एवढ्या मंडळींत एकही माणूस पुढं झाला नाही.

शेवंता मात्र आली. तिनं बापासमोर ओटी पसरली.

"टाका, आबा. पाळन्याला म्याच बांधते."